बिराची नजर आणि डॉक्टरची किल्ली

चार वेळा सांगून झालंय, तरी पुन्हा सांगायला लावता. ऐका मग, आणि मध्ये तोंड घालू नका.

“डोळं उड्या मारत्यात म्हंजी काय?” मायाप्पा आजानं विचारलं.

आजा घोंगडी विणणारा. गावातले सगळे विणकर त्याच्याच हाताखाली शिकलेले. पण सबनीस डॉक्टरला वाटलं, आज शिकवायची पाळी आपली. गडी नुसता उतावीळ झाला होता. आठवडाभर माणसाच्या नजरेवरचं एकच पुस्तक वाचून आला होता.

“सांगत नाही, दाखवतोच,” तो म्हणाला.

समोर बिरा बसला होता, आजाचा सगळ्यात चांगला शिष्य. दोन वर्षांमागं, कुणी नसताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. स्किझोफ्रेनिया. सबनीसच्याच गोळ्यांनी आता दुखणं बरंच उतरलं होतं. बिराला परत मागावर बसायचं होतं. पण ‘हा काम करू शकतो’ असा डॉक्टरचा कागद असल्याशिवाय विणकरांची सोसायटी लोकर देईना.

डॉक्टरनं दोऱ्याला किल्ली बांधली. बिराच्या तोंडासमोर सावकाश झुलवली.

“मान हलवायची नाही. नुसतं बघ.”

बिराची नजर किल्लीमागं निघाली... अडकली... टुणकन पुढं गेली. परत मागं राहिली, परत उडी.

“बघितलंत, आजा? या आजारात पुष्कळांची नजर अशीच तुटते. पुस्तकात आहे. आता याला मागावर दोऱ्यांतनं धावणारा धोटा कसा दिसणार? मी काही कागद देत नाही.”

“पुस्तकानं कवा घोंगडं विणलंय?”

“ते जाऊ द्या. डोळे खोटं बोलत नाहीत.”

बिरानं मान खाली घातली.

आजा उठला. डॉक्टरच्या बोटांतला दोरा काढून त्यानं बिराच्या मुठीत दिला.

“तू हलीव.”

किल्ली झुलली. डॉक्टर गुडघ्यांवर आला, नाकाला नाक लागेतोवर वाकला. बिराची नजर किल्लीबरोबर गेली, किल्लीबरोबर आली. तेल ओतावं तशी.

“पुन्हा... पुन्हा हलव. अरे, जातीय की. आजा, इकडं या, हे बघा. एखाददुसरी उडी, बास.” डॉक्टरची पँट मातीनं भरली, त्याचं भान नव्हतं. “म्हणजे हा बरा झाला?”

“न्हाई. गोळ्या चालू ठेवा.”

“मग हे कसं?”



बिराच बोलला. “मगाशी किल्ली कुठनं माघारी वळणार, ते तुमाला ठावं होतं, सायेब. मला न्हवतं. मागावर धोटा तर मीच फेकतो.”

 डॉक्टरला हसूच आवरेना. झटक्यात कागद काढला, पेन उघडलं.

“लिहितो. आत्ताच्या आत्ता लिहितो. आजा, काय लिहू, तुम्हीच सांगा.”

आजानं बिराकडं बोट केलं.

“पेनबी त्येच्याच हातात द्या, डाक्तर. तुमी मागनं बघत या.”