लाल लादीवरची बिबडी

मला वाटलं होतं, पहिल्याच शनिवारी मैदान पोरांनी फुलून जाईल आणि घसरगुंडीपाशी रांग लावायला माणूस नेमावा लागेल. प्रत्यक्षात सकाळी साडेअकराला मैदानात एकटं कुत्रं होतं, आणि तेही चारही पाय आळीपाळीनं उचलत होतं. पोरं कुंपणापलीकडे, लिंबाखालच्या मातीत खेळत होती.

मैदान माझं. म्हणजे जमीन आणि खर्च सरकारांचा, नकाशा माझा. संस्थान जाऊन तीन पिढ्या झाल्या, तरी सावळखेड्यात त्यांना सरकारच म्हणतात. मी मुलांच्या मैदानांचा अभ्यास करून आले ते एका थंड देशातून, जिथे उन्हाळा म्हणजे स्वेटर काढावा की नाही एवढाच प्रश्न. तिथली मऊ, लाल, रबरी लादी मी मोठ्या अभिमानानं खानदेशात आणली. पडलं तरी गुडघा फुटत नाही! तीन जुने लिंब तेवढे कुंपणाबाहेर ठेवले, कारण पाल्यानं लाल रंग खराब दिसला असता. सरकारांना लादी दाखवली ती सकाळी सात वाजता. त्यानंतरचं ऊन मलाच सोसत नव्हतं.

सरकारांनी बोलावून घेतलं.

"केतकीबाई, पाटीवर आमच्या आजोबांचं नाव, आणि आत कुत्रं?"

"सरकार, लादी तापते. मी यंत्रानं मोजलं. एकाहत्तर अंश."

"यंत्र कुठलं?"

"तिकडचंच."

"मग त्याला थंडीची सवय असेल. आम्ही याच उन्हात विटीदांडू खेळलो. पोरं माजली आहेत."

"आपण एकदा दुपारी अनवाणी उभं राहून पाहा ना."

"आमच्या घराण्यात तपासायला कुणी अनवाणी उभं राहत नाही," सरकार म्हणाले. "ऐका. सोमवारी दुपारी तीनला मी येतो. लादी तापते हे पटवून द्या. यंत्र नको, कागद नको, रडणारं पोर पुढे करायचं नाही, आणि मी लादीला हात-पाय लावणार नाही. पटलं नाही, तर मंगळवारी तिथे आमच्या जुन्या मोटारी उभ्या राहतील. आणि पटलं तरी एक सांगून ठेवतो, आम्ही दिलेली वस्तू परत घेत नाही. लादी उखडायची नाही."

म्हणजे हरले तर मैदान गेलं, आणि जिंकले तर तापलेली लादी राहिली.

मी दोन दिवस आलेख काढले. कागद चालणार नाही हे माहीत असूनही काढले. मला दुसरं काही येतच नव्हतं. मैदानाशेजारच्या शाळेत खिचडी शिजवणारी पार्बतामावशी ते पाहत होती. तिची नात कुंपणापलीकडच्या त्याच पोरांत होती.

"ताई, एकाहत्तर म्हणजे किती?"

"खूप."

"त्यात बिबडी वाळेल का?"

बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. आधी पिठाचा घाटा शिजवायचा, मग तो कापडावर थापून उन्हात वाळवायचा.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणाले.

"एवढं शिकून?" मावशी म्हणाली आणि निघून गेली.

सोमवारी दहा वाजता ती घाट्याचं पातेलं घेऊन आली. जुन्या लुगड्याचे दोन तुकडे केले. एक लाल लादीवर पसरला, दुसरा लिंबाखाली, नदीची रेती पसरून तिच्यावर. दोन्हींवर सारख्या जाडीच्या बिबड्या थापल्या. मी मदतीला चप्पल काढून लादीवर गेले, आणि त्या कुत्र्याहून जास्त वेगानं परतले.

तीनला सरकार आले. लिंबाखाली खुर्चीत बसले. मावशीनं पुढे दोन ताटल्या ठेवल्या.

"सरकार, बिबडीतलं तुमच्याएवढं कुणाला कळत नाही. ही कशी आहे?"

सरकारांनी पहिली उचलली. ती रुमालासारखी लोंबली. "ओली आहे. आजच घातलेली."

"आणि ही?"

दुसरी कट्कन मोडली. सरकारांनी तुकडा तोंडात टाकला आणि जाणकारासारखे डोळे मिटले. "परवाची. हिला दोन उन्हं मिळाली आहेत. दोन कडक उन्हांशिवाय बिबडी अशी मोडत नाही."

"नक्की?"

"सत्तर वर्षं खातोय, पार्बता."

"सरकार, दोन्हींचा घाटा एकच. तुमच्याच मुदपाकखान्यातला. राणीसाहेबांनी आज नऊला चुलीवरून उतरवला. त्यातला वाटीभर तुम्हीच तेल घालून खाल्लात."

सरकारांचा हात आपोआप पोटावर गेला.

"ओली ती या रेतीवरची. मोडली ती लाल लादीवरची. मी तर अडाणी बाई, तुम्हीच सांगितलं, दोन कडक उन्हं. लादीनं ती दहा ते तीनमध्ये दिली. आता त्याच लादीवर घसरगुंडीवरून उतरायचं ते बुडानं, सरकार. आणि माझ्या नातीचं बूड काही ज्वारीचं नाही."

सरकारांनी लादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझे पाय साडीत लपवले.

"पण दिलेली वस्तू आम्ही परत घेत नाही," ते पुटपुटले.

"घेऊच नका. एवढं झकास वाळवणाचं अंगण जिल्ह्यात नाही. ते पोरांवर वाया का घालवायचं? लादी गावातल्या बायकांना द्या. पोरांना हे लिंब आणि खाली हातभर रेती द्या. घसरगुंडी, झोपाळे इकडे आणा. पाटी मधोमध लावा, आजोबा दोन्हींकडे बघतील."

सरकार इतके हसले की तोंडातला तुकडा घशात अडकला. पाणी पिऊन त्यांनी तिथल्या तिथे हुकूम दिला: कुंपण लिंबांपलीकडे सरकवा, रेतीच्या गाड्या उद्या येऊ द्या, आणि वाळवणाच्या अंगणाची मुखत्यार पार्बता. मला म्हणाले, "केतकीबाई, पुढचा नकाशा हिला दाखवल्याशिवाय आणू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणखी दोन शाळांसाठी मागवलेली लादी रद्द केली आणि दोन्ही मुख्याध्यापकांना फोन केला, की गुरुवारी जागा बघायला येते, दुपारी एक वाजता, सोबत पार्बतामावशी असतील.

"एक वाजता? मॅडम, त्या वेळी इथे चिटपाखरू नसतं."

"म्हणूनच," मी म्हणाले.