चढावरचा हात

“आणि मध्येच थांबायचं असलं, तर?”

मदारबाबांनी हे विचारलं, तेव्हा त्यांच्या खांद्यावरची घागर अजून खाली उतरली नव्हती. घाट चढून आल्यामुळे छाती भात्यासारखी हलत होती.

ऋतुराज हसला. तो बराच वेळ त्यांची वाट बघत बसला होता.

“थांबायचंच नाही, बाबा. सगळी गंमत तिथेच आहे.”

घाट जिथे संपतो तिथे कडुनिंबाखाली बाबांचा तकिया होता. फकिराची बसायची जागा म्हणजे असावं तरी किती? वर दोन पत्रे, हिरवी चादर घातलेली एक जुनी कबर आणि सावलीत अर्धे पुरलेले दोन रांजण. माथ्यावर पाण्याचा टिपूस नाही. बाबा खालच्या वळणावरच्या झऱ्यातून घागर भरून आणत आणि चढून आलेल्याला पाणी पाजत. जात विचारत नसत. नावही विचारत नसत.

कडुनिंबाला टेकून ऋतुराजची सायकल उभी होती. सायकल म्हणायची ती सवयीने. काळी, जाड दांड्यांची, आजोबांच्या वेळची. पण दांड्यांच्या मधल्या त्रिकोणात आता भंगारातल्या मोपेडचं इंजिन लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं होतं. वर तेलाच्या डब्याची टाकी. मागच्या चाकाला दुसऱ्या अंगाने आणखी एक साखळी. इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला होता, तरी ते मधूनच टिक् टिक् करत निवत होतं.

ऋतुराजने समजावून सांगितलं. आधी पायडल मारून वेग घ्यायचा, मग क्लच सोडायचा, की इंजिन पकडतं. ते सपाटीला होतं, उताराला होतं, चढाला होत नाही. चढावर एकदा का ते बंद पडलं, की सायकल ढकलत वर न्यायची. म्हणून घाटात शिरलं की थांबायचं नाही. कोणासाठीच नाही.

“कोणी हात केला तर?”

“करतात की. आज तुम्हीसुद्धा केलात.”

बाबांनी घागर खांद्यावरून कमरेवर घेतली.

“राग मानू नका, बाबा. तुमच्यासाठी थांबलो असतो, तर इंजिन गेलं असतं आणि आपण दोघंही ढकलत आलो असतो. तुमची घागर वेगळीच.”

“मी हात केला, तो…”

“कळलं हो. तुम्हाला बसायचं होतं. एकदा सपाटीला फिरवून आणतो तुम्हाला. नक्की.”

बाबांनी एका हाताने घागर रांजणात रिकामी केली. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच होती. मग त्याच एका हाताने पेला बुडवून त्यांनी ऋतुराजपुढे धरला.

ऋतुराजने मान हलवली. “चढलं ते इंजिन. मला कुठली तहान?”

हा पोरगा वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. इंजिनिअर झाला, शहरातली नोकरी चालून आली, ती त्याने लाथाडली. ज्याच्या पायांना रोज डोंगर लागतो त्यालाच यंत्र मिळत नाही, हे त्याला सहन होत नव्हतं. पठारावरच्या वस्त्यांवर जाणारी परिचारिका, शाळेचा मास्तर, दूध घालणारी बाई… यांच्यासाठी काहीतरी बनवायचं आणि ते भंगारातूनच बनवायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्यासाठी बोटं भाजून घेतली होती, वडिलांची बोलणी खाल्ली होती.

आणि सगळ्यांच्या आधी ते त्याच्या बहिणीसाठी होतं. वैजूताई पठारावरच्या वस्तीत अंगणवाडी चालवायची. घाटाच्या पायथ्याचं गाव ते ही वस्ती, रोज पायी वर, रोज पायी खाली. मागल्या वर्षी घसरून तिचं मनगट मोडलं होतं. ते अजून नीट वळत नव्हतं. आज ऋतुराज तिला पहिल्यांदा मागे बसवून खाली नेणार होता. पारावर गाव जमणार होतं.

“हे घे,” बाबा म्हणाले.

त्यांनी मिटलेली मूठ पुढे केली.

ऋतुराजने हात जोडले, पण ओंजळ केली नाही. “नको, बाबा. तुमच्याबद्दल आदर आहे. पण अंगारा, धागा, ताईत… यातलं मी काही मानत नाही. सकाळी ताई हँडलला लिंबू-मिरची बांधत होती, तीही काढून टाकली.”

बाबांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं.

“ताईत?”

“लोक नेतात ना तुमच्याकडून.”

“लोक पाणी नेतात.”

ऋतुराजला हे उत्तर जरा लागलं. मग तो बोलतच सुटला. म्हणाला, आपल्या लोकांचं हेच चुकतं. डोंगर आला की हात जोडतात, पाय दुखले की नवस बोलतात. कोणी हिशेबाने विचार करत नाही, कोणी लोखंडाला हात लावत नाही. बाबा दोनदा काही सांगायला गेले. दोन्ही वेळा त्याने “एक मिनिट, बाबा” म्हणून त्यांना अडवलं. बोलण्याचा वेग त्याने घेतला होता. आता मध्ये थांबलं असतं तर तेही बंद पडलं असतं.

शेवटी त्याने मनात कधीचं घोळत असलेलं विचारूनच टाकलं.

“इतकी वर्षं तुम्ही इथे पाणी पाजत बसलात. त्याने चढ कमी झाला का?”

निंबाची पिकली लिंबोळी पत्र्यावर पडली. टप्प.

“नाही,” बाबा म्हणाले.

“मी संपवला.”

“…आणि उतार?”

“उताराला काय लागतं? तो आपोआप होतो. उतरायला इंजिन लागत नाही की अक्कल लागत नाही.”

बाबांनी मान डोलावली. पटल्यासारखी. मूठ मात्र तशीच राहिली.

एवढ्यात पठाराकडून वैजूताई आली. खांद्याला पिशवी, पायांत झिजलेल्या चपला. सायकलकडे बघून ती हसली आणि म्हणाली, “तूच होतास होय? माझी पोरं म्हणाली, बाई, पिठाची गिरणी घाट चढून येतेय.”

ती बाबांच्या पाया पडली. पेलाभर पाणी प्यायली, आणखी अर्धा मागून प्यायली. हँडलकडे नजर जाताच तिने विचारलं, की लिंबू कुठे गेलं. ऋतुराज म्हणाला, लिंबाने वजन वाढतं. ती म्हणाली, मग मी काय वाऱ्यावर तरंगणार आहे का? आणि पिशवी मांडीवर घेऊन मागच्या कॅरियरवर एका अंगाने बसली. न मोडलेल्या हाताने तिने भावाचा सदरा घट्ट धरला.

“हळू ने.”

“उतरताना इंजिन बंदच असतं, ताई. आवाजसुद्धा नाही येणार.”

त्याने स्टँड काढलं. सायकल वळवली. पुढचं चाक डांबराच्या कडेला आलं. तिथून रस्ता खाली कोसळत होता, वळण घेत होता, दिसेनासा होत होता, पुन्हा पार खाली बोटाएवढा दिसत होता. कठड्याचे दगड जागोजागी निखळले होते. खूप खालून एका ट्रकचा घरघराट येत होता.

ऋतुराज सीटवर टेकला. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर.

बाबा वाटेत येऊन उभे राहिले.

“बाबा, बाजूला व्हा. एकदा सुटली की मग…”

बाबा बाजूला झाले. पण गेले ते मागे, कॅरियरपाशी. मूठ पुढे केली.

“बेटी, तू घे.”

“ताई, घेऊ नकोस,” ऋतुराज मान वळवून म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “आपलं ठरलंय ना, असलं काही…”

पण तिचा हात आधीच पुढे गेला होता. देणाऱ्याला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं.

मूठ उघडली.

तिच्या तळव्यावर एक बोल्ट पडला. बोटाच्या पेराएवढा. ग्रीसने काळा.

“हे काय असतं, मला ठाऊक नाही,” बाबा ऋतुराजकडे बघत म्हणाले. “झऱ्याच्या वळणावर तुझ्या गाडीतून पडलं. खण्णकन वाजलं. म्हणून हात केला.”

ऋतुराज त्या बोल्टकडे बघत राहिला.

तो त्याला ओळखता आला नसता तर बरं झालं असतं. पण त्यानेच तो सकाळी आवळला होता.

त्याने पुढच्या ब्रेकची मूठ दाबली. ती सरळ हँडलला जाऊन चिकटली. तिच्या मागे कुठेच काही नव्हतं. खाली पाहिलं, तर ब्रेकची सळई सांध्यातून सुटून चाकाशेजारी लोंबत होती.

मागचा ब्रेक नव्हताच. इंजिनच्या साखळीला जागा करायला त्यानेच तो काढला होता. चढावर तर ब्रेकला हात लावायची वेळच येत नाही. इंजिन बंद केलं की चढच थांबवतो. पूर्ण घाट तो या सायकलवर वर आला होता आणि त्याला काही कळलं नव्हतं.

पुढचं चाक उताराला लागलं होतं. मागे ताईचं वजन होतं. जमिनीवर टेकलेल्या त्याच्या पायाखालची खडी सरकली.

“ताई, उतर.”

“काय झालं?”

“उतर.”

तो आवाज त्याचा नव्हता. ती उतरली. तिचं वजन जाताच त्याच्या हातून हँडल सुटलं आणि सायकल आडवी झाली. टाकीच्या झाकणातून पेट्रोलची बारीक धार लागली, डांबराच्या कडेने वाट काढत उताराला लागली. पुढच्या वळणापर्यंत ती कुठेही अडली नाही.

तिघंही ती धार बघत उभी राहिली.

ऋतुराज तिथेच रस्त्यावर बसला. खालून आलेला ट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला, तरी तो हलला नाही. तोंड कोरडं पडलं होतं. डोळ्यांसमोर ताईचा हात येत होता, त्याचा सदरा धरलेला, हळू ने म्हणणारा… आणि मग दुसरा एक हात. झऱ्याच्या वळणावरचा, घागरीच्या शेजारून वर आलेला. त्याने तो मागे वळून पाहिला होता. अगदी नीट पाहिला होता. आता त्याने आठवून बघितलं, तर त्या हाताची मूठ मिटलेली होती.

गाडीत बसायचं असलेला माणूस मूठ मिटून हात करत नाही.

“बाबा… ओरडायचं ना.”

“ओरडलो की.”

इंजिनच्या आवाजात. हो.

“मग इथे आल्यावर तरी…”

 इथे आल्यावर कोण किती बोललं, ते त्याला आठवलं.

वैजूताई पुढे झाली. तिने सायकल उभी केली, टाकीचं झाकण घट्ट लावलं आणि बोल्ट पदराने पुसून त्याच्या हातात दिला. त्याने तो सांध्यात बसवून पाहिला.  बोल्ट बसला, पण त्याचा नट नव्हता. तो झऱ्याच्या आसपास गवतात कुठेतरी असणार.

“चालत जाऊ,” ताई म्हणाली. “मला सवय आहे.”

पारावर जमलेल्या गावाचं काय, असं तिने विचारलं नाही. त्यालाही ते सुचलं नाही.

ते निघाले. तो सायकलला मागे ओढून धरत, एकेक पाऊल टाकत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उताराचं वजन कळत होतं. खांदे भरून आले. तळहात घामाने निसटत होते.

पहिल्या वळणापाशी त्याने सहज मागे पाहिलं.

वर, रस्त्याच्या कडेला बाबा उभे होते. त्यांनी हात वर केला होता. मूठ मिटलेली.

ऋतुराज जागच्या जागी थांबला. सायकल कशी थांबवायची, हा प्रश्न होताच. त्याने दगड शोधून पुढच्या चाकाखाली घातला, दुसरा मागच्या चाकाखाली घातला, हँडल ताईच्या हातात दिलं आणि घाट चढू लागला. पायी. इथला चढ अंगावर येणारा होता. वर पोचेपर्यंत त्याच्या छातीचा भाता झाला.

बाबांसमोर उभं राहून त्याने तळहात पुढे केला. काय आहे, असं विचारलं नाही.

बाबांनी त्या तळहातावर आपली मूठ उघडली.

काहीच पडलं नाही.

तो वाट बघत राहिला. बाबांच्या तळव्यावर ग्रीसचा काळा डाग होता आणि त्यात बोल्टच्या आट्यांचे बारीक वळ उमटलेले होते. बाकी हात रिकामा.

“बाबा… यात तर काही नाही.”

बाबांनी घागर उचलून खांद्यावर घेतली.

“थांबलास ना. आता जा, बेटा.”