'पुरे' म्हटल्यावर

लिंडेनफुर्टच्या संगीत विद्यालयात, मोठ्या सभागृहातल्या ऑर्गनच्या बाकाला एक लाल नाडी बांधलेली दिसते. पाहुणे विचारतातच. मग म्हातारे रखवालदार वेन्डेलिन काठी टेकून उभे राहतात आणि सांगतात ते असं.

फार पूर्वी इथे बायकांना ऑर्गन शिकवत नसत. हे वाद्य हातांइतकंच पायांनी वाजतं. खाली लाकडी पायपट्ट्यांची ओळ असते. बाईने चारचौघांत असे पाय नाचवणं शोभत नाही, असं थोरामोठ्यांचं मत. तरी एका वर्षी ओटिलिए नावाची तरुण विधवा प्रवेशपरीक्षेला येऊन उभी राहिली. नवऱ्यामागे चर्चमधलं त्याचं वादकाचं काम तिला हवं होतं, आणि त्यासाठी या विद्यालयाचा शिक्का लागे. एका काखेत तान्ही मुलगी, दुसऱ्या काखेत डोलणारा छोटा पाळणा. मुलीला सांभाळायचं कबूल करून घरमालकिणीने ऐनवेळी हात वर केले होते. ओटिलिएला स्वतःबद्दल फार भ्रम नव्हते म्हणे. आपण आई म्हणून बेताच्या, वादक म्हणून त्याहून बेताच्या, आणि आज दोन्ही एकदम उघडं पडणार, असं तिला जिना चढतानाच वाटत होतं.

परीक्षकांच्या रांगेत मधोमध बसलेले संचालक गोड हसले. "पोर राहू द्या की आत. नियम एकच. हात पट्ट्यांवरून उचललेत की परीक्षा संपली. तोवर आम्हीही जागचे हलणार नाही."

पोर रडणार आणि आई उठणार, हे त्यांना ठाऊक होतं. ओटिलिएलाही कळलं. मग तिने एप्रनची लाल नाडी ओढून काढली, एक टोक पाळण्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या डाव्या घोट्याला.

दुसऱ्या पानावरच मुलीने भोंगा पसरला. ओटिलिएचा डावा पाय खालच्या सुरांकडे गेला, नाडी ताणली, पाळणा डोलला. मग जिथे खालचे सूर नव्हतेच, तिथेही तिने ते घातले. मुलगी निवली.

"पुरे!" संचालक म्हणाले. "मूळ रचनेत हे सूर नाहीत. नापास."

ओटिलिएने मागे वळून पाहिलं नाही. "ती आत्ता कुठे झोपलीय, साहेब. आणि हात मी उचललेले नाहीत."

तेव्हा ऑर्गनला हवा मिळे ती मागच्या भात्यांतून, आणि ते पायांनी तुडवावे लागत. संचालकांनी तुडवणाऱ्याला खूण केली. तो खाली उतरला. सूर आजारी शेळीसारखे कण्हले आणि गप्प झाले. मुलगी कुरकुरू लागली. ओटिलिए मुक्या पट्ट्या तशीच दाबत राहिली.

खालच्या मंडईत त्या खर्जाने तराजूंची पारडी थरथरत होती, ती थांबली. कोबीवाली क्रेशेन्स शेजारणींना घेऊन वर आली.

"बंद का पडलं?"

"परीक्षा संपली, बाई," भाते तुडवणारा म्हणाला.

"पोरगी वाजवतेय की अजून! सरक रे बाजूला. आंबवायचा कोबी पिंपात तुडवतो आम्ही, तुझे भाते काय चीज आहेत!"

बायका पायातले जोडे काढून भात्यांवर चढल्या, आणि ऑर्गन असा गरजला की खिडक्या हलल्या.

दुपार कलली. संचालक पुन्हापुन्हा 'पुरे' म्हणत राहिले, सांगतात. पण हात पट्ट्यांवर होते आणि नियम त्यांचाच, त्यामुळे कुणालाच जागचं उठता येईना. जेवण निवून गेलं. सर्वांत वयस्कर परीक्षकांची चुळबुळ कुणाच्याच नजरेतून सुटेना. शेवटी तेच ओरडले, "अहो, घ्या तिला! माणसं आहोत आपण!"

"घेतली," संचालक पुटपुटले.

"मोठ्याने!" भात्यांवरून क्रेशेन्स म्हणाली.

"घेतली!"

ओटिलिएने हात उचलले, आणि मुलगी त्याच क्षणी टाहो फोडून रडली.

"तिसरं पान साफ चुकलं माझं," तिला छातीशी धरत ओटिलिए म्हणाली.

"ऐकलंय कुणी!" क्रेशेन्स पाय पुसत म्हणाली.

आजही प्रवेशपरीक्षेच्या दिवशी ऑर्गनची वीज बंद ठेवतात. मंडईतल्या बायका भात्यांवर चढतात. मुलगा असो की मुलगी, ती नाडी डाव्या घोट्याला बांधूनच बाकावर बसायचं. मध्येच संचालक उठून खणखणीत आवाजात म्हणतात, 'पुरे!' आणि जो थांबतो त्याला, वेन्डेलिन सांगतात, पुढच्या वर्षी परत यायला सांगतात.