निळाऱ्याचं बोट

शाळा मी सातवीतच सोडली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या, आणि शब्द साधे आहेत म्हणून रागावू नका. गोष्ट सरळ आहे.

नदीच्या वळणावरच्या एका गावात कोंडिबा नावाचा निळारी राहत असे. सूत आणि लुगडी निळीच्या रांजणात बुडवून रंगवायची, हा त्याचा धंदा. त्याचे दोन्ही हात बारा महिने निळे. माणूस कामाला पक्का, पण फार भिडस्त. कुणाच्या तोंडावर 'नाही' म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याची बायको सरू म्हणायची, "उद्या कुणी तुमचं डोकं उसनं मागितलं, तर परत कधी देणार एवढंसुद्धा विचारायचे नाहीत तुम्ही."

ते दिवस मोठ्या लढाईनंतरचे होते. गावातली सात पोरं पलटणीतून ब्रह्मदेशात गेली, ती परत आलीच नाहीत. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याचं पत्र नाही. त्यात कोंडिबाचा धाकटा भाऊ भिवाही होता. पुढे इंग्रज गेले, देश आपला झाला आणि दिल्लीच्या लोकसभेसाठी पहिली निवडणूक आली. मतदारांची यादी करायला माणूस आला, तेव्हा त्या सातही घरांनी आपापल्या पोराचं नाव घालायला लावलं. "आज नसला म्हणून काय झालं? घरचाच आहे. येईल," असं त्यांनी सांगितलं.

मग गावात दवंडी पिटली. प्रत्येकाला एकच मत. मत देताना डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला शाई लागेल आणि ती महिनाभर जाणार नाही. दुसऱ्यांदा कुणी आला तर त्या खुणेवरून सापडेल.

दवंडी ऐकून गुलाबशेठ कोंडिबाच्या दारात आले. हे सुताचे व्यापारी. कोंडिबाच्या रांजणात पडणारं बहुतेक सूत त्यांचंच. आपला माणूस निवडून यावा म्हणून ते धडपडत होते.

"कोंडिबा, अरे तुझं बोट म्हणजे सोनं आहे सोनं! सगळ्यांच्या बोटावर शाई दिसेल. तुझ्या निळ्या बोटावर कुठली दिसतेय? तुझं मत दे. मग मुंडासं बदल, परत ये, आणि त्या सात पोरांचीही मतं देऊन टाक. टेबलावरचे साहेब तालुक्याचे, ते तुला ओळखत नाहीत. आत बसणारे गावकरी माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

कोंडिबा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. शेठनी तोच होकार धरला आणि ते निघून गेले.

सरू आतून बाहेर आली. "नाही म्हणायचं होतंत."

"वर्षाचं काम त्यांच्याकडून येतं, सरू. आणि तोंड उघडायला गेलो की माझी जीभ टाळूला चिकटते." त्याने डावा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "असं करतो. ते बोटच धुऊन काढतो. शाई दिसली की शेठ आपोआप गप्प बसतील. मला बोलायला नको."

त्या दिवसापासून त्याने डावा हात रांजणात घातला नाही. सरू रोज चिंच आणि राख लावून ते बोट घासायची आणि वर चिंधी बांधायची. एका हाताने पिळता येईना, म्हणून रंगवलेल्या कापडाचं दुसरं टोकही तीच धरायची. पारावरची माणसं विचारू लागली, "काय कोंडिबा, बोटाची सोयरीक जमली वाटतं? हळद कधी?" शेठनी चिंधी पाहिली आणि निळं बोट जपतोय असं समजून ते खूश झाले. "जप बाबा, जप त्याला."

पंधरा दिवसांनी मतदान आलं. शाळेत टेबलं मांडली होती. कोंडिबाचे हात पाहून साहेब दचकले. "हे काय? मत देऊन आलात की काय?"

कोंडिबाने चिंधी सोडली. आत ते एकच बोट तान्ह्या पोरासारखं स्वच्छ होतं. साहेब हसले आणि त्यांनी त्यावर शाई लावली. यादीत कोंडिबाचं नाव शोधून त्यावर एक रेघ ओढली. आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली होती. कोंडिबाने तिथे जाऊन आपला कागद एका पेटीत टाकला. कुणाच्या पेटीत, ते त्याने सरूलासुद्धा सांगितलं नाही.

बाहेर लिंबाखाली शेठ त्या सात पोरांच्या नावांच्या सात चिठ्ठ्या घेऊन उभे होते. कोंडिबाने बोट वर केलं. शाई लख्ख दिसत होती. सुटलो, असं त्याला वाटलं.

शेठनी वाकून बोट पाहिलं. मग मोठ्याने हसले. "वेडा रे वेडा! त्यात काय एवढं? रांजण घरीच आहे ना? जा, बोट बुडवून ये. शाई झाकली जाईल. ही घे पहिली चिठ्ठी, तुझ्या भिवाचीच. भावाचं मत वाया घालवणार का?"

कोंडिबाने चिठ्ठी हातात घेतली. पंधरा दिवसांचं घासणं फुकट गेलं होतं. त्याला आतली ती रेघ आठवली. मत झालं की नावावर तशीच रेघ.

"नाही," तो म्हणाला.

"काय?"

"नाही, शेठ. भिवाच्या नावावर मी रेघ ओढू देणार नाही. तो आला की त्याचं मत तो देईल. बाकीच्या सहाजणांचंही तसंच."

शेठचा आवाज चढला. "उद्यापासून माझा एक धागा तुझ्या रांजणात पडायचा नाही!"

ते इतक्या जोराने ओरडले की बायकांच्या रांगेने मागे वळून पाहिलं. रांगेतून सरूचा आवाज आला, "ऐकलंत का गं बायांनो? माझा नवरा नाही म्हणाला!"

संध्याकाळी शेठची माणसं आली आणि सगळं सूत उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडिबा रिकाम्या दोरीकडे बघत बसला होता. तेवढ्यात तान्हुबाई आली. न आलेल्या सात पोरांतला एक तिचा. तिच्या काखेत जुनं लुगडं होतं.

"एवढं रंगवून दे. आणि फुकट नको."

"आक्का, फार विटलंय हे."

"विटलं म्हणून तर आणलं. मागनं आणखी पाचजणी येतायत."

कोंडिबाने मान खाली घालून लुगडं घेतलं. सरूने रांजणाचं झाकण काढलं. त्याने दोन्ही हात निळीत घातले आणि लुगडं चुबकायला लागला. डाव्या हाताचं एक बोट तेवढं त्याने वर धरलं होतं.

"अहो, ते का बाहेर?"

"राहू दे," कोंडिबा म्हणाला. "महिनाभर."

तात्पर्य: आपली लबाडी कुणालाच दिसणार नसेल, तेव्हाच माणसाने जास्त जपून वागावं; आणि नकार द्यायचा तो आपल्याच तोंडाने द्यावा, दुसऱ्या कशावर सोपवू नये.