महाराजांच्या गोधडीवरचा डाग

सिदोबा महाराज त्या हिवाळ्यात बोरवणीला मुक्कामाला होते. ओढ्याकाठी लहानसा मठ, पुढे सारवलेलं अंगण, मागे गोठा. भक्त महाराजांना उबदार वस्त्रं आणून द्यायचे, पण त्यांच्याकडे ती टिकायची नाहीत. सकाळी महाराजांनी पांघरलेलं घोंगडं संध्याकाळी एखाद्या वाटसरूच्या खांद्यावर दिसायचं आणि महाराज चुलीपाशी हात शेकत बसलेले असायचे.

गावात गोजराबाई गोधड्या शिवायची. तिने एकदा भीतभीत विचारलं, की महाराजांसाठी एक शिवून आणली तर चालेल का. महाराज म्हणाले, "चालेल म्हणजे काय, लवकर आण. पण टाके जवळजवळ घाल हो गोजरा. मला थंडी फार वाजते."

महाराजांनी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तिच्याकडे मागितलं! गोजराबाई घरोघर हिंडली आणि धुऊन धुऊन मऊ झालेली जुनी लुगडी तिने गोळा केली. सगळ्यांनी दिली, फक्त द्वारकाकाकूंनी दिलं नाही. काकू मठाचं स्वयंपाकघर सांभाळत. त्यांचं सोवळं इतकं कडक, की देवसुद्धा त्यांच्या चुलीजवळ जाताना विचारून जात असेल, असं बायका म्हणत. "गावभरची लक्तरं महाराजांच्या अंगावर? उद्या पायपुसणं त्यांच्या डोक्याला बांधाल," असं काकू पाणवठ्यावर सगळ्यांदेखत बोलल्या. गोजराबाईने ते ऐकलं, घरी आली आणि टाके आणखी जवळ घालू लागली. पौर्णिमेला मठात उत्सव होता. त्या दिवशी गोधडी महाराजांच्या अंगावर पडावी, एवढंच तिचं मागणं होतं.

पौर्णिमेच्या सकाळी ती घडी डोक्यावर घेऊन निघाली. ओढ्याच्या वळणावर कुणीतरी कण्हत होतं. मेंढपाळांच्या तांड्यातली मेंढरं आणि गडी पुढे निघून गेले होते, मागे एक पोटुशी पोर अडली होती आणि तिची म्हातारी सासू तिला धरून बसली होती. जमीन दहिवराने गारठलेली. म्हातारी म्हणाली, "बाई, काहीतरी अंथरायला दे. लेकरू मातीत पडंल गं."

खोटं कशाला सांगावं, गोजराबाईने क्षणभर घडी छातीशी धरली. मग तिच्या मनात आलं, आज ही महाराजांच्या हाती पडली असती, तर त्यांनी हिलाच आणून दिली असती. हेलपाटा वाचला. तिने गोधडी उलगडून त्या पोरीखाली सारली.

मुलगी झाली. गोजराबाईने दोघींना हळूहळू मठाच्या गोठ्यात आणून पेंढ्यावर निजवलं, आपल्या लुगड्याचा पदर फाडून बाळाला गुंडाळलं आणि गोधडी घेऊन ओढ्यावर धावली. रक्ताला गार पाणी, हे बाईच्या जातीला कुणी शिकवावं लागत नाही. गोधडी बुडवून, चोळून, पुन्हा बुडवून तिच्या बोटांची पेरं बधिर झाली, पण डाग फिका होत चालला. थोडा वेळ मिळाला असता तर पुरता निघाला असता.

पण बातमी काकूंपर्यंत पोचली होती. त्या तरातरा आल्या.

"महाराजांच्या पांघरुणावर बाळंतपण केलंस? गार पाण्यानं रक्त जाईल, विटाळ जातो का? आण ती इकडे."

मठाच्या अंगणात उत्सवासाठी चुलाण्यावर मोठा हंडा उकळत होता. काकूंनी काठीने गोधडी त्यात लोटली. गोजराबाई कळवळून म्हणाली, "काकू, ऊन पाण्यानं पक्का बसंल हो."

काकूंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मभर त्यांनीही आपले कपडे गार पाण्यातच धुतले होते. पण सोवळ्याचा राग डोक्यात शिरला, की माणसाला स्वतःचं शहाणपणही आठवत नाही. गोधडी बाहेर निघाली तेव्हा तिच्या मधोमध काताच्या रंगाचा भलामोठा डाग होता. आता तो कापडाबरोबरच जायचा.

काकूंनीही एकदा त्या डागाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "झालं ते बरंच झालं. तुझ्या हातचं महाराजांच्या अंगाला लागू नये, अशी देवाचीच इच्छा दिसते."

गोजराबाईने गोधडी उन्हात टाकली आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. रडू येत नव्हतं. डागावर ठिगळ लावावं का, कुणाच्या लुगड्याचं लावावं, एवढंच ती पुन्हा पुन्हा मनाशी घोळवत होती.

दुपारी भजनाला अंगण भरलं. महाराज आसनावर आले आणि बसण्याआधीच म्हणाले, "माझी गोधडी कुठं आहे? थंडी वाजते आहे."

काकूंनी सगळी हकीकत सांगितली. विटाळ हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला, की माणसं खाली बघू लागली. महाराजांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पोर कशी आहे?"

हे सकाळपासून कुणीच विचारलं नव्हतं. मागून गोजराबाईचा आवाज आला, "बरी हाय महाराज. पर गोठ्यात लई गारठा हाय."

महाराजांनी हात पुढे केला. तिने अर्धवट ओली गोधडी आणून दिली, डागाची बाजू आत दुमडून. महाराजांनी ती उलगडली, डाग सगळ्यांना दिसेल अशी पाठीवर घेतली आणि भजनाला सुरुवात केली. काकू खांबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आरती झाली. महाराजांनी गोधडी अंगावरून काढून गोजराबाईच्या हातात दिली. तिने आधी एक बाजू पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. डाग नव्हता! कापड कोरडं होतं आणि नुकतंच शिवल्यासारखं स्वच्छ. आणि महाराजांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर, मांडीपाशी, तोच डाग होता. त्याच आकाराचा, त्याच रंगाचा.

महाराज आत जाऊन पंचा नेसून आले आणि धोतर त्यांनी काकूंपुढे धरलं. म्हणाले, "द्वारकाबाई, एवढं धुऊन आणता का? तुमच्या हाताला स्वच्छता आहे."

आता महाराजांना नाही कसं म्हणणार? काकूंनी धोतर घेतलं. ओढ्यावर बसून त्यांनी ते धुतलं. गार पाण्यात धुतलं, बरं का. रिठा लावला, राख लावली, चोळचोळून हात लाल झाले. डाग तसूभर हलला नाही. सूर्य कलला तेव्हा त्या परत आल्या. पदर ओला, केस सुटलेले.

"निघत नाही, महाराज."

"कसा निघेल?" महाराज म्हणाले. "माझ्या आईचा आहे तो. मला तरी कुठं दुसऱ्या वाटेनं येता आलं?"

काकूंनी हातातल्या ओल्या धोतराकडे पाहिलं. आपली आई त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांना जन्म देताना ती गेली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण काकूंच्या तोंडून ते कधी कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले नाहीत. धोतर घडी करून महाराजांच्या आसनावर ठेवलं आणि सरळ गोठ्यात गेल्या. त्या मेंढपाळणीला हाताला धरून त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात नेलं, चुलीच्या अगदी जवळ निजवलं आणि बाळ स्वतःच्या मांडीवर घेऊन शेकवलं. म्हातारी दारातच अडखळली, तेव्हा तिच्यावर डाफरल्या, की आत या, वारा येतोय.

मग त्या अंगणात आल्या आणि महाराजांपुढे वाकल्या. महाराजांनी पाय आखडते घेतले. गोजराबाईने पुन्हा त्यांच्या अंगावर घातलेली गोधडी नीट लपेटून ते म्हणाले, "मी आता कुठं ऊब धरली आहे, मला हलवू नका. नमस्कार तिकडे करा."

गोजराबाईला ते उमगलं तशी ती घाबरीघुबरी झाली. तिने पाय लुगड्याखाली ओढले, पुटपुटली, "नको काकू, मला पाप लागंल."

"गप बस," काकू म्हणाल्या. हुकूम करायची सवय काही एका दिवसात जात नाही. त्यांनी तिचे दोन्ही पाय ओढून बाहेर घेतले आणि त्यांच्यावर आपलं डोकं ठेवलं.