मध्यसभेची पंगत

एका राज्यात एक थोरली नगरी होती. तिथे पोपट बोलत, साळुंक्या भांडत आणि नदी रोज सूर्योदयाला घटकाभर उलटी वाहत असे. त्याचं कोणाला काही वाटत नसे. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. त्या नगरीत एकही काम पुरं होत नसे. अर्ध्यावर यायचं आणि तिथेच बसकण मारायचं.

राजा ज्याच्या हाती नगरीचा कारभार देई त्याला नगरप्रमुख म्हणत. त्याची कारकीर्द निम्मी सरली की मध्यसभा भरे. काय केलं आणि पुढे काय करणार, ते त्याने भर चौकात चौथऱ्यावर उभं राहून सांगायचं आणि मग साऱ्या गावाला पंगतीने जेवू घालायचं, अशी रीत. आणि बरं का, त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत त्या नगरप्रमुखाचा पक्षी होत असे. चौकातल्या पिंपळावर असे कितीतरी माजी नगरप्रमुख बसलेले असत. पोपट म्हणे, माझ्या काळातले रस्ते आठवा. साळुंकी म्हणे, दिवाबत्ती असावी तर माझ्यासारखी. ऐकून ऐकून गावाचे कान किटले होते. पण झाली तरी मानाची माणसं, त्यांना हाकलणार कसं?

अशा नगरीचा नगरप्रमुख व्हायला सुधन्वा आपण होऊन पुढे आला. त्याची बायको कुमुदिनी नको नको म्हणत होती. पण सुधन्वा वाढला उंच पेठेत. ती पेठ टेकडीवर, तिथे पाणी चढत नसे. त्याच्या आईचा जन्म खालून घागरी वाहण्यात गेला होता. पेठेत पाणी नेतो, मग माझी चिमणी होवो की कावळा, असं म्हणून त्याने कारभाराची पगडी डोक्यावर घेतली.

राजाने तीन कामं सांगितली. उंच पेठेत पाणी न्यावं, नदीवर पूल बांधावा आणि वेशीबाहेरचा उकिरड्याचा डोंगर हटवावा. सुधन्वा कंबर कसून भिडला. पाण्याचा पाट अर्धी टेकडी चढला आणि थांबला. पुढे जेवढं खणावं तेवढं सकाळी बुजलेलं असे. पूल नदीच्या मध्यावर आला आणि थांबला. उकिरडा निम्मा हटला, बाकीचा हटेना. गाड्या भरून न्यावा, तर गाड्यांच्या आधी तोच घरी परत.

दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. पण सुधन्वा गडी समाधानी. बायकांची निम्मी चढण वाचली, हे काय थोडं झालं? अर्ध्या पुलावर लोक संध्याकाळी वारा खायला जात आणि पुढे नावेत उतरत. उकिरडा हटला होता तिथे पोरं विटीदांडू खेळत. ते पाहून सुधन्व्याला रात्री शांत झोप लागे.

मध्यसभा तोंडावर आली आणि त्याच्या मनगटावर निळसर पिसं फुटली. तेव्हा मात्र कुमुदिनीने त्याचा हात पदराखाली झाकला. सुधन्वा तिला म्हणाला, पक्षी होण्याचं दुःख नाही, पण पाट अर्ध्यावर राहिला तर चोचीने तो कसा खणू? त्याला रडू आवरेना.

कुमुदिनी डोळे पुसून म्हणाली, "पिंपळावरचे सारे आपण केलेलं सांगतात. न केलेलं त्यांना कोणी विचारलं आहे का?"

सुधन्वा पिंपळाखाली गेला. पोपटाला विचारलं, तुमचं काय राहिलं? पोपटाने पुन्हा रस्त्यांचं पुराण लावलं. साळुंकीला विचारलं, तिने मान फिरवली. सर्वांत वरच्या फांदीवर मोठ्या चोचीचा एक म्हातारा धनेश बसलेला असे. तो नगरीचा पहिला नगरप्रमुख. तो कधीच बोलत नसे. त्याला विचारताच त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"माझ्या मध्यसभेची पंगत बसली होती," धनेश म्हणाला. "राजाचा मेहुणा उशिरा आला. जागा नव्हती. एक मळक्या धोतराचा माणूस नुकता वरणभात कालवत होता. त्याला मी म्हटलं, जरा उठता का? तो उठला. तो जादूगार काळजिभ्या होता. म्हणाला, मला अर्ध्या पानावरून उठवलंस, या नगरीचं प्रत्येक काम अर्ध्यावरच राहील आणि कारभारी फांदीवर बसून बढाया मारतील. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. मध्यसभेत चांगलं तेवढंच सांगायचं, असं मला वाटे."

काळजिभ्याच्या तोंडून निघालेलं वाईट खरंच होत असे, म्हणून तर त्याचं नाव तसं पडलं होतं. तो नदीपल्याड राही. सुधन्वा नावेत बसून गेला. त्याने शालजोडी पुढे ठेवली, जादूगाराने ती शेळीच्या अंगावर घातली. त्याने दंडवत घालून क्षमा मागितली, जादूगार जांभई देत राहिला. तिसऱ्या वेळी सुधन्वा नुसता म्हणाला, "बुवा, परवा आमच्याकडे जेवायला या."

"येईन. पण थोरामोठ्यांसाठी मला पुन्हा उठवाल."

"नाही उठवणार," सुधन्वा म्हणाला.

मध्यसभेच्या दिवशी सुधन्व्याने रीत मोडली. आधी पंगत, मग भाषण. चौकभर पानं मांडली. काळजिभ्या मळकं धोतर नेसून ओळीच्या तोंडाशी बसला. वाढप झालं, श्लोक झाला, लोकांनी पहिला घास घेतला आणि शिंगं वाजली. शिकारीला गेलेले महाराज अवचित येऊन ठाकले. एकही पान रिकामं नव्हतं. प्रधानाचं धाबं दणाणलं. तो धावत काळजिभ्याकडे गेला आणि वाकून म्हणाला, जरा उठता का?

काळजिभ्याचा हात भातात थांबला. सुधन्व्याची पिसं सरसर खांद्यापर्यंत चढली. पगडी जाणार, कदाचित डोकंही जाणार, हे त्याला कळत होतं. पण तो आडवा आला.

"महाराज, पंगत बसली आहे. आपलं पान पुढच्या पंगतीला."

राजाने सुधन्व्याकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं, मग पायातले जोडे काढले.

"वाढायला हात कमी दिसतात. ताकाचं भांडं कुठे आहे?" राजा म्हणाला.

मग काय विचारता! काळजिभ्या सावकाश जेवला. भात पुन्हा मागितला, जिलबी पुन्हा मागितली, राजाच्या हातचं ताक तर घोट घोट प्याला. इकडे सूर्य कलला, पिसं सुधन्व्याच्या गळ्याशी आली आणि कुमुदिनी हात जोडून उभी राहिली. पण घाई करा असं जादूगाराला कोणी म्हटलं नाही. शेवटी त्याने पान लख्ख केलं, ढेकर दिली आणि म्हणाला, "अन्नदाता सुखी भव."

पिसं झडून सुधन्व्याच्या पायाशी पडली. कुमुदिनीचा जीव भांड्यात पडला. पिंपळावरून माणसं धडाधड खाली उतरली आणि चौथऱ्यावर चढायला धक्काबुक्की करू लागली, कारण प्रत्येकाला आपली कारकीर्द सांगायची होती. प्रधानाने त्यांना पुढच्या पंगतीला बसवलं, तेव्हा कुठे ती गप्प झाली.

मग सुधन्वा चौथऱ्यावर चढला. भाषण असं काही त्याने केलंच नाही. तो म्हणाला, "पाट अर्धा आहे. पूल अर्धा आहे. उकिरडा अर्धा आहे. माझी कारकीर्दही अर्धी उरली आहे. उद्या सकाळी फावडी घेऊन या."

सकाळी लोक आले, राजाही आला. खणलेली माती खणलेलीच राहिली. पाणी टेकडी चढत चढत एके दुपारी उंच पेठेत पोचलं. तिथे सुधन्व्याची म्हातारी आई रिकामी घागर घेऊन खाली निघाली होती. दारातच पाणी पाहून ती उंबऱ्यावर बसली. "आता मी दिवसभर करू काय?" असं तिने लेकाला विचारलं आणि दोघंही पोट धरून हसली. त्या मायलेकांना जसे निवांत दिवस लाभले, तसे ऐकणाऱ्या सर्वांना लाभोत.