राजाची कापशी आणि लोकरीची फणी

पांघरूण घेतलंत? मग ऐका हं. डोंगरापलीकडच्या एका गावी उदेभान नावाचा राजा राहायचा. त्याच्याकडे होती एक मांजर, कापशी. पांढरीशुभ्र, वीतभर लांब केसांची. आणि बोलायची, बरं का! सगळे राजाला "महाराज, महाराज" करायचे. कापशी मात्र म्हणायची, "अरे उदेभाना, जेवलास का?" असं विचारणारं त्याला दुसरं कुणी नव्हतं.

एके सकाळी कापशी बोलेचना. खाईना, पिईना. मान लांब करायची आणि नुसतं खॅक खॅक करायची. मग राजाच्याही घशाखाली घास उतरेना.

मग एक वैद्य आले. "थंडी बाधली," म्हणाले. शाल गुंडाळली. दुसरे म्हणाले, "दृष्ट लागली." मीठमोहऱ्या ओवाळल्या. तिसऱ्यांनी आणला कडू काढा. तशी कापशी जी पलंगाखाली शिरली, ती बाहेरच येईना.

त्याच दिवशी घोंगडी विणणारी ठकूबाई राजाकडे घोंगडं घेऊन आली होती. तिचा जन्म गेला लोकर विंचरण्यात. तिनं वाकून पलंगाखाली पाहिलं.

"महाराज, हिला विंचरतं कोण?"

नोकर बोटांवर मोजायला लागले. वारा घालायला एक, मासे निवडायला एक. विंचरायला कुणीच नाही!

"मग ही बिचारी अंग चाटून चाटून केस गिळते. पोटात त्यांचा गोळा झालाय."

"वाचेल ना ती, ठकूबाई?" राजानं विचारलं.

"बघू या. तुम्ही खाली बसा. ही माझी लोकरीची फणी धरा."

"मी?"

"तुमच्याच मांडीवर येईल ती."

आणि आली की! राजानं हळूहळू विंचरलं. मांडीवर केसांचा हा ढीग! दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं गव्हाची कोवळी हिरवी पाती पुढे ठेवली. कापशीनं चार कुरतडली. तिसऱ्या दिवशी उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाचा, बोटभर. वर वाटीभर पाणी.

मग कापशीनं पाठ वाकवली. खॅक! केसांचा गोळा पडला थेट राजाच्या जरीच्या जोड्यावर.

कापशीनं मिशा पुसल्या आणि म्हणाली, "मासा आहे का रे?"

राजा रडता रडता हसायला लागला. स्वतः धावला मुदपाकखान्यात.

ठकूबाई फणी तिथंच ठेवून घरी गेली. तेव्हापासून राजा रोज सकाळी कापशीला विंचरायचा. तोवर दरबार खोळंबायचा, पण कुणाची तक्रार नसायची. सगळे सुखात राहिले.

आपल्या मनीला कोण विंचरणार, ते सकाळी ठरवा. भांडू नका. मिटा बघू डोळे.